पाळी आली म्हणजे बीज सुटलं, असं नाही

पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी आणि बीज सुटणं अनियमित होण्याचा आजार, असलेल्या बाईनं मूल हवं असं ठरवलं की तिला मिळणारे बहुतेक सल्ले तारखांचे असतात. चौदाव्या दिवसाच्या आसपास प्रयत्न करा. ॲपमध्ये पाळीच्या तारखा भरा, तेच दिवस सांगेल. घाई करू नका, वर्षभर वाट बघा. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: बीज दर महिन्याला सुटतंच आहे, फक्त ते कधी सुटतं तेवढं शोधायचं. आमचा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा असतो. या खेपेला बीज सुटणार आहे का? आणि सुटलं, तर ते कशावरून कळलं? हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट विचारला गेला तेव्हा आमच्या प्रयत्नांना बराच काळ लोटला होता. दुसऱ्या कुणाचा तेवढा काळ जाऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझी पाळी सुरुवातीपासूनच अनियमित. कधी दीड महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी. हनुवटीवर राठ केस, मानेवर काळसर पट्टा. कॉलेजात असताना सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर पीसीओएस लिहून आलं आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत पाळी ठरल्या दिवशी यायची. घरात सगळ्यांना वाटलं, झालं बरं. पण त्या गोळ्यांवर येणारी पाळी म्हणजे गोळ्यांतली संप्रेरकं काही दिवस थांबल्यामुळे होणारा रक्तस्राव. त्या महिन्यांत बीज सुटत नाही. सुटू नये म्हणूनच तर त्या गोळ्या असतात. त्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पुरुषी संप्रेरकांचा जोर त्या कमी करतात, आणि गर्भाशयाचं अस्तर महिनोन्‌महिने न पडता साचत राहिलं तर जो धोका असतो, त्यापासून वाचवतात. फक्त पाकीट हातात देताना कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं: मूल हवं असेल तेव्हा हे सगळं पुन्हा समोर येईल, तेव्हा वाट बघत बसू नका, लगेच या.

लग्नानंतर आम्ही गोळ्या थांबवल्या आणि पाळी परत आपल्या जुन्या वळणावर गेली. ॲप दर वेळी नवी तारीख दाखवायचं, पाळी ती चुकवायची, ॲप आणखी पुढची दाखवायचं. मग लघवीवर करायच्या एलएचच्या पट्ट्या आणल्या. बीज सुटण्याच्या आधी साधारण दीड दिवस एलएच हे संप्रेरक एकदम वाढतं आणि पट्टीवरची दुसरी रेघ गडद होते, असा त्यांचा हिशोब. माझी रेघ आठवडाभर गडदच असायची. आम्ही दोघं प्रत्येक गडद रेघेवर आशा लावायचो. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं एलएच मुळातच चढं असतं, त्यामुळे पट्टी खोटा होकार देऊ शकते, हे पाकिटावर बारीक अक्षरातही नव्हतं.

वर्षभर थांबायचा सल्लाही आम्हाला लागू नव्हता. वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष, त्यापुढे सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावं, हा नियम पाळी नियमित असणाऱ्यांसाठी आहे. जिची पाळी वर्षातून पाच-सहाच वेळा येते, तिला वर्षभरात संधीच मुळी तेवढ्या. आणि त्यांतल्याही प्रत्येक वेळी बीज सुटलेलं असतंच असं नाही. अस्तर फार जाड झालं की ते बीज न सुटताही आपोआप गळायला लागतं, आणि आपण त्याला पाळी समजतो. मला हे कळलं तेव्हा मागच्या सगळ्या महिन्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. आशा धरून काढलेल्या कितीतरी महिन्यांत बीज नव्हतंच.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही शेवटी टिकलो, त्यांनी पहिल्या भेटीत सोनोग्राफी केलीच नाही. आधी तारखा मागितल्या. मी वहीतल्या नोंदी दाखवल्या. त्या प्रत्येक दोन पाळ्यांमधलं अंतर पेन्सिलीनं लिहीत गेल्या आणि म्हणाल्या, “बीज सुटतंय का, हे आपण आजवर कधी तपासलंय का?” नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. कुणीच तपासलं नव्हतं.

मग त्यांनी निदानापासून सुरुवात केली. 2003 साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष आजही पाया म्हणून वापरतात: बीज सुटण्यात अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत ओव्हरीत दिसणारे पुष्कळ छोटे फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या. तिन्हींपैकी दोन हवेत, आणि तशीच लक्षणं दाखवणारे दुसरे आजार आधी वगळायला हवेत. म्हणून रक्तातली संप्रेरकं तपासायची: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, 17-ओएचपी, टेस्टोस्टेरॉन. शिवाय 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. नुसती उपाशीपोटीची साखर बरोबर असली म्हणून समाधान मानायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पीसीओएसमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची वृत्ती शरीरात असते, बारीक असणाऱ्यांतही असू शकते, आणि ती कधी कधी या दोन तासांच्या चाचणीतच उघड होते. माझी तशीच झाली.

त्याच दिवशी त्यांनी नवऱ्यालाही चाचणीची चिठ्ठी दिली. मला याचं फार बरं वाटलं. माझ्या नावापुढे आजार लिहिलेला होता म्हणून आधीच्या कुणीच त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी चाचणी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा आणि नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये किमान 16 दशलक्ष शुक्राणू आणि एकूण हालचाल 42 टक्के ही खालची मर्यादा मानतात. त्याचा अहवाल या मर्यादेच्या वर होता. तो खाली असता तर माझ्या ओव्हरीवर महिनोन्‌महिने उपचार करून काय झालं असतं? म्हणून मला वाटतं, बाईनं पहिली गोळी घेण्याआधी पुरुषाचा अहवाल टेबलावर असलाच पाहिजे. एकीच्या आजाराचं नाव सापडलं म्हणजे दुसऱ्याची तपासणी संपत नाही.

डॉक्टरांनी कागदावर ओव्हरी काढून समजावलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. दर महिन्याला छोट्या फॉलिकलचा एक घोळका वाढायला लागतो. प्रत्येकात एक अपक्व बीज. मेंदूतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाच्या जोरावर त्यांतलं एक पुढे जातं, बाकीची मागे पडून विरतात, आणि पुढे गेलेलं साधारण 20 मिलिमीटरचं झालं की फुटतं. पीसीओएसमध्ये कुणीच पुढे जात नाही. सगळी पाच-सात मिलिमीटरवर अडून बसतात. सोनोग्राफीत ओव्हरीच्या कडेनं दिसणारे काळे ठिपके ते हेच. काढून टाकायच्या गाठी नव्हेत त्या. प्रत्येकात बीज आहे. माझं एएमएच हे संप्रेरक चढं आलं होतं, तेही याच छोट्या फॉलिकलमुळे, कारण ते त्यांच्यातच तयार होतं.

आणि ती अडतात का? त्यात इन्सुलिनचा मोठा हात. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की ओव्हरी जास्त टेस्टोस्टेरॉन बनवते. शिवाय टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे कमी होतं, म्हणजे मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. मानेवरचा काळा पट्टा, हनुवटीवरचे केस आणि लांबणारी पाळी हे तिन्ही एकाच धाग्यातले आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मी तो पट्टा कित्येक वर्षं ओढणीखाली झाकला होता. मळ समजून घासलाही होता.

“तुमच्याकडे बीजं नाहीत असं नाही,” त्या म्हणाल्या. “ती वाटेत थांबलीयेत. एकाला पुढे आणायचं, एवढंच आपलं काम.” त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी महिने काढले.

उपचार सुरू व्हायच्या आधीची तयारी मी थोडक्यात सांगते, पण ती महत्त्वाची आहे. फोलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या आधीपासून. काही जणींना डॉक्टर जास्त मात्रा देतात. पुरळ किंवा केसांसाठी आयसोट्रेटिनॉइन वा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते बंद करायला लागतं, कारण गर्भाला अपाय होऊ शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना आपण प्रयत्न करतोय हे ठाऊक नसतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना आपण कुठलं औषध घेतोय हे ठाऊक नसतं. दोघांना सांगणारी एकमेव व्यक्ती आपणच.

वजनाबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचं आहे. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी झालं तरी काही जणींचं बीज पुन्हा सुटायला लागतं, ही गोष्ट खरी. मी रोज चालले, आठवड्यातून काही दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम केला, जेवणात पिष्ट कमी आणि प्रथिनं जास्त केली. पाळ्यांमधलं अंतर कमी झालं. थकवा गेला. पण “आधी वजन कमी करा, मग या” असं सांगून बाईला दारातूनच परत पाठवणं मला पटत नाही, आणि माझ्याबाबतीत ते घडलेलं आहे. इन्सुलिन चढं असताना वजन उतरवणं कठीण असतं, आणि वय कुणासाठी थांबत नाही. सल्ला आणि तपासण्या बरोबरीनं चालू शकतात. माझ्या डॉक्टरांनी तसंच केलं. माझ्यासारख्याच त्रासाची एक मैत्रीण अगदी सडपातळ आहे. तिला कुणी वजनाबद्दल बोललं नाही, पण तिचं निदानही त्यामुळेच उशिरा झालं.

मेटफॉर्मिन हे साखर आणि इन्सुलिनसाठीचं औषध सुरू झालं तेव्हा पहिले काही आठवडे पोटानं हैराण केलं. मळमळ, जुलाब. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, हळूहळू विरघळणारी गोळी दिली आणि जेवणानंतरच घ्यायला सांगितली, तेव्हा निभावलं. ती दीर्घकाळ घेतली तर बी12 कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासतात. मला वाटलं होतं याच गोळीनं सगळं जुळून येईल. डॉक्टरांनी तेव्हाच सावध केलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर 7.2 टक्के स्त्रियांना मूल झालं, तर क्लोमिफीन या बीज सुटण्यासाठीच्या जुन्या औषधावर 22.5 टक्के. साखरेसाठी मेटफॉर्मिन, बीजासाठी दुसरं औषध, अशी आमची विभागणी ठरली.

ते दुसरं औषध लेट्रोझोल. नवऱ्यानं रात्री खोक्यातला कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. त्यावर स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं छापलेलं होतं. मी घाबरले नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर डॉक्टरांनी न चिडता सगळं सांगितलं. ते औषध मूळचं पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी आहे, कारण ते शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनू देत नाही. आम्हाला ते पाचच दिवस घ्यायचं असतं. इस्ट्रोजेन तात्पुरतं उतरलं की मेंदूला वाटतं ओव्हरी काम करत नाहीये, आणि तो एफएसएच वाढवतो. तो जोर अडलेल्या फॉलिकलला पुढे ढकलतो. गर्भ रुजण्याची वेळ येईपर्यंत औषध शरीरातून बरंचसं निघून गेलेलं असतं. गर्भ आधीच राहिलेला नाही ना, याची खात्री करूनच ते सुरू करतात. 2014 साली 750 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पाच चक्रांपर्यंत औषध देऊन लेट्रोझोलवर 27.5 टक्क्यांना आणि क्लोमिफीनवर 19.1 टक्क्यांना मूल झालं. आता पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलच आधी देतात.

हे आकडे मी मुद्दाम देते आहे. कारण त्या 27.5 मध्ये मला दिलासाही दिसला आणि वास्तवही. चांगलं औषध, पाच चक्रं, आणि तरी चौघींतल्या एकीपेक्षा थोड्या जास्त जणींना यश. म्हणजे पहिल्या महिन्यात काही झालं नाही तर तो निकाल नव्हे. हे आधी माहीत नसतं, तर पहिल्याच महिन्यात मी कोलमडले असते.

पहिल्या खेपेला सगळ्यांत कमी मात्रा होती, 2.5 मिलिग्रॅम. दहाव्या-बाराव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी सुरू झाली. म्हणजे योनिमार्गातून केली जाणारी सोनोग्राफी, एक-दोन दिवसांआड. दुखत नाही फारसं, पण कपडे काढून, पाय वर घेऊन, छताकडे बघत पडून राहायचं आणि बाजूच्या पडद्यावर कुणीतरी आपल्या आतलं मोजत असतं. माझं काहीच वाढलं नव्हतं. सगळी फॉलिकल होती तिथेच. मी रडवेली झाले. डॉक्टरांनी पाळी येण्याची वाट न बघता त्याच चक्रात मात्रा वाढवली, 5 मिलिग्रॅम. अशी पायरीनं मात्रा वाढवता येते हे मला माहीत नव्हतं. त्यानं आठवडे वाचतात.

आणि मग एका सकाळी उजव्या ओव्हरीत एक फॉलिकल 12 मिलिमीटरचं दिसलं. त्यापुढे ते रोज साधारण दीड-दोन मिलिमीटरनं वाढत गेलं. मी ऑफिसला जाताना ते आकडे मनात घोळवायचे. अस्तरही आठ मिलिमीटरच्या वर, तीन रेघांचं, हवं तसं. फॉलिकल 19 वर आलं तेव्हा ट्रिगरचं, म्हणजे बीज सुटायला लावणारं इंजेक्शन दिलं. ते एचसीजी हे संप्रेरक असतं, आणि त्यानंतर सुमारे 36 ते 40 तासांत बीज सुटतं. दोन दिवसांनी परत सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाल्या, “फुटलंय. आजूबाजूला थोडं पाणीही दिसतंय.” माझ्या आयुष्यात बीज सुटल्याचं कुणी डोळ्यांनी पाहून मला सांगितलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मूल तेव्हा राहिलं नाही. तरी तो दिवस मी आनंदाचाच धरते.

ज्यांना सोनोग्राफीच्या इतक्या फेऱ्या जमत नाहीत, त्यांच्यासाठी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हा साधा पुरावा आहे. बीज सुटल्यावर वाढणारं हे संप्रेरक दर मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलंय असं धरतात. मात्र ते बीज सुटल्याच्या अंदाजे सात दिवसांनी तपासायचं असतं. बऱ्याच ठिकाणी डोळे झाकून एकविसाव्या दिवशी रक्त घेतात. ज्या बाईचं बीज तिसाव्या दिवशी सुटणार आहे तिचं एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमीच येणार, आणि तिला सांगितलं जाणार की तुमचं बीज सुटत नाही. माझ्या जुन्या फायलीत असा एक अहवाल आहे.

तारखांवर जवळ येणं दोघांनाही जड जातं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या दिवशी थकवा, भांडण, प्रवास काही चालत नाही. एकदा नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला, “आज नको गं, मला हे परीक्षेसारखं वाटायला लागलंय.” आम्ही ते डॉक्टरांना सांगितलं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र सुटल्यावर जेमतेम एक दिवस. त्यामुळे एकाच रात्रीचा आग्रह नको, बीज सुटायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत दिवसाआड जवळ आलात तरी पुरे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा घरातला ताण निम्मा झाला. आता फॉलिकलचे आकडे फक्त मी ठेवते. त्याला हवे असतील तर तो विचारतो.

ट्रिगरनंतरचे दोन आठवडे सगळ्यांत कठीण. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्यानं छाती जड होते, झोप येते, पोट फुगल्यासारखं वाटतं. म्हणजे गर्भ राहिल्यावर होतं तसंच सगळं. शिवाय घरच्या चाचणीत जे संप्रेरक शोधतात, तेच ट्रिगरच्या इंजेक्शनात असतं. घाईनं केलेली चाचणी इंजेक्शनामुळेच होकार देऊ शकते, म्हणून दोन आठवडे थांबायचं. मी थांबायचे.

एका चक्रात दोन आठवड्यांनंतरही रेघ आली. रक्तातलं एचसीजी मोजणारी बीटा एचसीजी चाचणी केली, ते होतं. थोडं कमी होतं, पण होतं. दोन दिवसांनी परत मोजलं. ते ठळक वाढायला हवं होतं, ते उतरलं होतं. काही दिवसांत रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत काही दिसायच्या आधीच संपलेल्या या गर्भाला वैद्यकीय भाषेत बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. मी सासूबाईंना सांगितलं, आणि त्यांनी “असं कसं झालं” असं विचारलं नाही, नुसतं जवळ घेतलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इतक्या लवकर गर्भ संपतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. जिने चढल्यानं, ऑफिसच्या कामानं, काळजी केल्यानं हे होत नाही. हे वाक्य त्यांनी नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर पुन्हा उच्चारलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्यानंतर माझी झोप गेली. “काही गोड बातमी?” असं विचारणाऱ्यांना टाळायला मी लोकांत जाणं सोडलं. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त असतं, आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याची चौकशी सगळ्याच रुग्णांकडे करावी असं म्हटलेलं आहे. माझ्या डॉक्टरांनी ती केली, समुपदेशकाचं नाव दिलं, आणि मध्ये एक चक्र पूर्ण विश्रांती घ्यायला लावली. गोळी नाही, सोनोग्राफी नाही. त्या विश्रांतीचा मला औषधाइतकाच उपयोग झाला. समुपदेशनाला मी अजूनही जाते.

या काळात धाकट्या बहिणीनं एकदा फोनवर विचारलं, “ताई, माझीही पाळी तीन-तीन महिने येत नाही, पण मला आत्ता कुठे मूल हवंय?” पीसीओएस घराण्यात चालत येऊ शकतो. मी तिला सांगितलं की प्रश्न फक्त मुलाचा नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी आली नाही तर अस्तरासाठी डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि साखर तपासायला हवी. ती गेली. तिचा अहवाल आला आणि तिनं तो मला आधी पाठवला, आईला नंतर.

आज आम्ही कुठे आहोत ते सांगते. 5 मिलिग्रॅमवर माझं बीज आता भरवशानं सुटतं. विश्रांतीनंतर बीज ओव्हरीकडून गर्भाशयात नेणाऱ्या नळ्यांची तपासणीही झाली. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. काही क्षण पाळीत येते तशी जोराची कळ आली, पण दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. लेट्रोझोलची साधारण सहा चक्रं देऊन मग पुढचा विचार करायची पद्धत आहे. आमची त्यांतली थोडी उरली आहेत.

पुढचे मार्ग तीन. एक म्हणजे एफएसएचची इंजेक्शनं, अगदी कमी मात्रेपासून. त्यात एकाऐवजी चार-पाच फॉलिकल वाढू शकतात, म्हणून सोनोग्राफी आणखी कडक, आणि जास्त वाढली तर ते चक्र सोडून द्यायचं. दुसरा, दुर्बिणीतून ओव्हरीला बारीक छिद्रं पाडणं. 1935 साली स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनी ओव्हरीचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढला होता आणि त्या स्त्रियांची पाळी परत सुरू झाली होती. छिद्रं पाडण्याची शस्त्रक्रिया त्याच वाटेवरची. माझ्या डॉक्टरांचा कल तिकडे नाही. तिसरा मार्ग आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणं. पीसीओएसमध्ये त्यात ओव्हरी प्रमाणाबाहेर सुजण्याचा धोका असतो, पोटात पाणी साठतं, काही वेळा ॲडमिट करावं लागतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 1508 स्त्रियांच्या अभ्यासात गर्भ लगेच न सोडता गोठवून पुढच्या चक्रात सोडले, तर हे प्रमाण 7.1 टक्क्यांवरून 1.3 वर आलं आणि मूल होण्याचं प्रमाण 42 वरून 49.3 वर गेलं. हे वाचल्यावर माझी आयव्हीएफची भीती बरीच कमी झाली.

पुढच्या भेटीसाठी वहीत प्रश्न लिहून ठेवले आहेत. इंजेक्शनांच्या चक्रात किती फॉलिकलपर्यंत तुम्ही पुढे जाता? आयव्हीएफ करावं लागलं तर सगळे गर्भ गोठवाल का, आणि एका वेळी एकच सोडाल का? त्याखाली नवऱ्यानं स्वतःच्या अक्षरात एक भर घातली आहे: मध्येच थांबावंसं वाटलं, तर कुठल्या टप्प्यापर्यंत थांबता येतं?